दगड नसलेलं घर

आमच्या घरात दगड आणायला बंदी होती. पाटा-वरवंटा नाही, जातं नाही, खलबत्ता लोखंडी आणि तुळशीचं वृंदावन सिमेंटचं. आई चटणी वाटायला शेजारणीच्या ओट्यावर जायची, त्यामुळं मिक्सर आला तेव्हा सबंध गल्लीत सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. मी लहान असताना एकदा खेळायला म्हणून फ्रॉकच्या खिशातून खडे आणले होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते एकेक करून बाहेर काढले, तळहातावर घेऊन बघितले आणि रस्त्यापलीकडं भिरकावले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांचा चेहरा रागापेक्षा वाईट झाला होता, आणि पुन्हा मी कधी खडे उचलले नाहीत.

आमचं गाव सास्तूर. मी गाव म्हणते ते नवं गाव, भूकंपानंतर सरळ ओळींत बांधलेलं. जुनं गाव फाट्यापासून जवळच, रस्त्याच्या कडेला आहे. तिथं आता दगडांचे ढीग आणि त्यांवर माजलेल्या बाभळी आहेत. बसमधून जाताना अण्णा त्या बाजूला कधी बसत नसत, आणि बसावंच लागलं तर डोळे मिटून घेत. नवं घर मिळालं तरी ते त्यात झोपले नाहीत. मागच्या बाजूला त्यांनी पत्र्याचं शेड घातलं आणि तिथंच खाट टाकली. डोक्यावर स्लॅब नको, भिंतीत दगड नको, एवढंच त्यांचं जगाकडं मागणं होतं.

भूकंप झाला तेव्हा मी आईच्या पोटात होते. आई बाळंतपणासाठी माहेरी, ईटला गेली होती. सास्तूरच्या घरात अण्णा आणि माझी पाच वर्षांची बहीण, अशी दोघंच. गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं आणि पहाटे दगडी भिंतींचं, मातीच्या माळवदाचं घर अंगावर आलं. दुपारी लोकांनी अण्णांना बाहेर काढलं तेव्हा ते जिवंत होते, बहीण नव्हती. आम्हाला माहीत होतं ते एवढंच. आत काय झालं ते अण्णांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. कोणी विचारावं असं ते नव्हतंच.

आमच्या गावाला एक खोड लागलीय. काहीही झालं की ते भूकंपाच्या खात्यावर जातं. कोणाला झोप येत नाही, भूकंप. कोणाचं पोरगं शिकत नाही, भूकंप. शेजारच्या काकांना टक्कल पडलं तेसुद्धा त्यामुळंच, असं काकूंचं ठाम मत आहे. बाहेरचे लोक हसतील, पण ज्या गावात घराघरांतून माणसं गेली त्या गावाला असं वाटणारच. फक्त त्यामुळं एक होतं. माणूस दुसऱ्या कशानं आजारी पडू शकतो, हे आम्ही विसरून जातो.

मला येरमाळ्याला दिलंय. तिथंच प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या उन्हाळ्यात आईचा फोन आला, की अण्णांचं लक्षण ठीक दिसत नाही, तू ये. काय झालंय ते ती फोनवर सांगेना. सुट्टी लागली तशी मी लेकीला घेऊन सास्तूरला गेले.

आईनं मला चहासुद्धा घेऊ दिला नाही, स्वयंपाकघरात ओढून सांगायला लागली. अण्णा रोज भर दुपारी, ऊन टळटळीत असताना, कडब्याच्या गंजीमागं जातात. बराच वेळ येत नाहीत. ती एकदा बघायला गेली तर ते जमिनीवर पडलेले आणि कोणाशी तरी बोलत होते. पाणी पिणं तोडलंय. शेतात जायचं टाळतात. आणि धोतरावर रक्ताचे डाग पडतात. त्यावर आईनं उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी ठेवलं होतं, ते तसंच पडून राहिलं. डागांचं तिला विशेष वाटलं नव्हतं. ती घाबरली होती ती बोलण्याला.

"थोरलीनं बोलावलंय त्यांला," आई म्हणाली. "मला ठावं हाय."

मी आईवर डाफरले. मला या गोष्टींचा तिटकारा आहे. पण त्याच दिवशी दुपारी मी स्वतः गंजीकडं गेले, आणि जे बघितलं ते मी अजून विसरू शकलेले नाही.

गावात बाराच्या सुमाराला कोणी बाहेर पडत नाही. कुत्री सावलीला पडलेली, पत्रे तापून कडकड वाजत होते. गंजीच्या आडोशाला अण्णा डाव्या कुशीवर पडले होते, डोकं माझ्याकडं, पाय पलीकडं. गुडघे पोटाशी ओढलेले. उजवा हात डोक्यावर आडवा, काहीतरी वरून पडतंय आणि ते थोपवायचंय तसा. डावा हात समोर मातीत पसरलेला आणि त्याचा तळवा उघडा. बोटं किंचित वळलेली होती. त्या तळव्यात कोणाचा तरी हात असावा तशीच. आणि अण्णा हलक्या आवाजात बोलत होते, समजुतीच्या सुरात, लहान मुलाशी बोलतात तसं.

"धर थोडं. आत्ता काढतील. धर."

मग ते गप्प झाले आणि ऐकत राहिले. मी मागच्या मागं फिरले. मला भीती वाटली, साधीसुधी भीती.

संध्याकाळी ते बाजेवर बसून नातीला गोष्ट सांगत होते, अगदी नेहमीसारखे. मी त्यांच्या तळव्याकडं बघत होते. माझ्या लेकीचं वय तेव्हा पाच. रात्री मला बिलगून तिनं विचारलं, "आई, आबा धर धर म्हणतात ते कुणाला? तिथं तर कुणीच नसतंय." मी तिला झोप म्हटलं आणि स्वतः जागी राहिले.

त्यानंतर घरात दोन पक्ष पडले. आई एका देवऋष्याला विचारून आली. तो म्हणाला, पोरगी अडकून पडलीय, तिला वाट द्या. आईनं येडेश्वरीला ओटी बोलली आणि ती भरायचं काम माझ्यावर टाकलं, कारण देवी येरमाळ्यातच. मी म्हणत होते की अण्णांना लातूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं न्यायचं, मनावरचा जुना घाव वर आलाय. आम्ही दोघी कडाकडा भांडलो. आता वाटतं, कशासाठी भांडलो? आई भुताचं म्हणत होती, मी मनाचं म्हणत होते, पण दोघींनी धरला होता भूकंपच. रोज दुपारी माणूस आडोशाला जातो, पाणी प्यायला घाबरतो, धोतरावर रक्त पडतं, हे सगळं समोर होतं. पण लेकीनं बापाला लघवीचं विचारायचं नसतं, बायकोनं नवऱ्याला विचारायचं नसतं, आणि बापानं तर मेलं तरी सांगायचं नसतं. आमच्याकडं ही रीतच आहे. त्यापेक्षा भूत परवडतं.

एके दिवशी अण्णा गंजीमागून परत आलेच नाहीत. ऊन कललं तशी मी गेले. ते त्याच कुशीवर पडले होते, पण आज बोलत नव्हते, कण्हत होते. अंग घामानं भिजलेलं. उताणे व्हायचे, परत कुशीवर वळायचे, गुडघे आणखी वर ओढायचे. आई धावत आली आणि उदी लावायला लागली. मी त्यांना उठवायला हात घातला तर तो ओटीपोटाला लागला. बेंबीखाली पोट तट्ट फुगलं होतं, हात लावला तसे ते कळवळले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. मी विचारलं, "अण्णा, लघवी कधी झाली तुम्हाला?"

त्यांनी तोंड फिरवलं. मी पुन्हा विचारलं, ओरडूनच. मातीकडं बघत ते म्हणाले, "काल."

शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घालून त्यांना लातूरला नेलं. त्या प्रवासातला एकेक खड्डा मला आठवतो. दवाखान्यात नळी घातली आणि पिशवी भरायला लागली, तांबूस पाण्यानं. अण्णांच्या चेहऱ्यावरची शीर न् शीर सैल होत गेली. मग सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. खोलीत अंधार होता, पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं, आणि त्यात एक पांढरी कोर दिसली. कोरीच्या मागं काळा पट्टा, सरळ खाली गेलेला.

"हा खडा," त्या म्हणाल्या. "आणि ही त्याची सावली. दगडातून मशीनचा आवाज पलीकडं जात नाही, म्हणून मागं अशी सावली पडते."

किडनीतला मुतखडा आम्ही ऐकून होतो. गावात दर दोन घरांआड एकाला असतो. हा लघवीच्या पिशवीतच होता आणि आवळ्याएवढा होता. त्यांनी अण्णांना कुशीवर वळायला सांगितलं. कोणत्या कुशीवर, ते त्यांनी सांगितलंच नव्हतं. अण्णा आपोआप डाव्या कुशीवर झाले, गुडघे पोटाशी, उजवा हात डोक्यावर, डावा हात टेबलाबाहेर पसरलेला. आणि पडद्यावर ती पांढरी कोर हळूच घरंगळत बाजूला गेली. तिच्यामागून तिची सावलीही गेली.

"बघा, सरकला. उभं राहिलं की हा पिशवीच्या तोंडावर येऊन बसतो, धार मधेच तुटते. असं कुशीवर झालं की बाजूला होतो, मग लघवी होते. काका, तुम्ही घरी असंच करत होता ना?"

अण्णांनी मान हलवली. मला सगळा उलगडा झाला. भूत नव्हतं, वेड नव्हतं, एक म्हातारा माणूस कोणी बघू नये म्हणून भर दुपारी आडोशाला पडून लघवी करत होता. मला हसू यायला हवं होतं. पण ते आलं नाही. कारण माणसाच्या शरीराला कितीतरी तऱ्हांनी पडता येतं, आणि त्यातली एकच तऱ्हा त्या दगडानं अण्णांसाठी शिल्लक ठेवली होती. ढिगाऱ्याखाली ते कसे पडले होते ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तरी ते मला त्या अंधाऱ्या खोलीत कळलं.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. उतारवयात प्रोस्टेटची गाठ वाढते, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, लघवी तळाला साचून राहते. साचलेल्या पाण्यातले क्षार खाली बसतात, थरावर थर चढतो, बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून चढतो तसा. त्यात पाणी कमी प्यायलं आणि लघवी धरून ठेवायची सवय असली की मग बघायलाच नको. आता उलटा दाब जाऊन दोन्ही किडन्या सुजल्या होत्या. नळी काढली की खडा पुन्हा तोंडावर बसणार. कुळथाच्या कढणानं, पानफुटीच्या पाल्यानं हा विरघळणार नाही. शेजाऱ्यांनी सुचवलेल्या बियरचं तर नावच काढू नका, असं त्यांनी मला बजावलं. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून लेसरनं फोडायचा आणि त्याच वेळी गाठ खरवडायची. उशीर केला तर किडन्या कायमच्या जातील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

अण्णा ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, भूल कशी देणार.

"कंबरेखाली बधिर करणार. काही तास पाय हलणार नाहीत, एवढंच."

"पाय हलनार न्हाईत?"

"नाही हलणार. पण दुखणारही नाही."

"मग नको," अण्णा म्हणाले, आणि नळीसकट उठून बसले.

मी सगळं करून बघितलं. समजावलं, रडले, नातीची शपथ घातली. ते भिंतीकडं बघत राहिले. बापाला लाज वाटली म्हणून इतके दिवस गेले, आता भीतीनं जीव जाणार, याचा मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन व्हरांड्यात एकटीच बडबडत बसले. परत आत आले तर बाई अण्णांच्या खाटेवर टेकल्या होत्या. ऑपरेशनबद्दल त्या बोलतच नव्हत्या. लघवी धरून ठेवायची सवय कधीपासून आहे, एवढंच विचारत होत्या. आणि अण्णा बोलायला लागले. माझ्याकडं न बघता, पण मी ऐकतेय हे त्यांना माहीत होतं.

"माळवद आलं अंगावर. पाय गेले दगडात, हलंनात. येक हात मोकळा. त्यात पोरीचा हात व्हता. ती न्हाय घाबरली. म्हनली, अण्णा, मला मुतायला लागलंय. म्या म्हनलं, धर थोडं, आत्ता काढतील. वर मानसांचा आवाज येत व्हता. परत म्हनली. परत म्या म्हनलं, धर. लई येळ धरलं तिनं, शानी व्हती. मग माझ्या कुशीला गरम लागलं. म्हनलं, असू दे, झालं तर झालं. तर तिचा हात ढिला पडला व्हता."

मग अण्णा म्हणाले, "तवापासून मला लागली की आधी तोंडात तेच येतंय. धर. म्या तिला शेवटचं तेच बोललो."

माझ्या बहिणीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तोवर ती माझ्यासाठी भिंतीवरचा फोटो होती. मी ढसाढसा रडले, बाई रडल्या नाहीत. पेशाच तसा. त्यांनी अण्णांचा हात धरला आणि सांगितलं, की ऑपरेशन चालू असेपर्यंत एक सिस्टर हा हात सोडणार नाही, आणि पाय हलायला लागेपर्यंत तुमची लेक सोडणार नाही. अण्णांनी विचारलं, "ह्योच हात?" बाई म्हणाल्या, हाच. डावा.

ऑपरेशन थिएटरचा दरवाजा लागण्याआधी मी बघितलं, हिरव्या कपड्यातल्या सिस्टरनं त्यांचा डावा हात खरोखरच धरला होता. ऑपरेशन झाल्यावर तो हात माझ्याकडं आला. मी तो धरून बसले, आणि मधूनच मला वाटायचं की आमच्या दोघांच्या हातांमध्ये आणखी एक लहानसा हात आहे. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी मी पकड जरा सैल केली, तिलाही जागा असावी म्हणून. अण्णांच्या पायाचा अंगठा पहिल्यांदा हलला तेव्हा ते त्याच्याकडं बघतच राहिले.

खड्याचे तुकडे बाटलीत घालून दिले. पिवळट, तपकिरी, आतून कांद्यासारखे पापुद्रे. अण्णांनी बाटली उजेडात धरून बघितली. घरात दगड नको म्हणून त्यांनी सगळं घर रिकामं केलं होतं आणि तो असा आत येऊन बसला होता. "ह्यो येकच राह्यला व्हता," ते म्हणाले आणि बाटली तिथंच टेबलावर ठेवली. आम्हीही ती उचलली नाही.

घरी आल्यावर आईनं त्यांच्या मोबाईलमध्ये गजर लावून दिला. दर काही तासांनी तो ठणाणा वाजतो, अण्णा उठतात, जाऊन येतात, दोन मिनिटं थांबून परत जातात, म्हणजे पिशवी पूर्ण रिकामी होते. गल्लीतले म्हणतात, अण्णांची शाळा सुटली. बाईंनी सांगितल्याप्रमाणं पाण्याचा तांब्या सतत जवळ असतो. पुन्हा रक्त दिसलं, ताप आला किंवा धार अडली तर लाजत बसायचं नाही, हे मी अण्णांकडून पाठ म्हणून घेतलंय. देवऋष्यालाही आईनं एकदा चहाला बोलावलं, आणि पोरगी अडकलेली होती हे त्यानं बरोबर सांगितलं होतं असं ती अजून म्हणते. मी वाद घालत नाही.

मध्यंतरी तपासणीसाठी लातूरला गेलो होतो, अण्णा, मी आणि लेक. सोनोग्राफीत पडदा स्वच्छ होता, पांढरी कोर नाही, सावली नाही. परतताना एसटी गच्च भरली होती. सास्तूर जवळ आलं तशी लेक माझ्या कानाशी कुजबुजली, शू लागली. आलंच गाव, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि तो तिथंच राहिला.

ते उठून उभे राहिले आणि गाडी थांबवा म्हणाले. कंडक्टर म्हणाला, आता फाटा येईल, पाच मिनिटं धरा की. अण्णा आयुष्यात कोणाशी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले.

"न्हाय धरनार ती. थांबवा."

गाडी थांबली ती जुन्या गावाशी. ढीग, बाभळी, भर दुपारची वेळ, आणि कुठं पाखराचा आवाजही नाही. लोक कुरकुर करत होते. अण्णांनी तिकडं एकदा बघितलं, डोळे न मिटता, आणि नातीला घेऊन खाली उतरले. मी खिडकीतून बघत होते. ती एका बाभळीआड बसली. अण्णा तिच्याकडं पाठ करून उभे राहिले, आणि त्यांनी डावा हात मागं केला, तळवा उघडा. तिनं त्यांचं बोट धरलं.

"होऊ दे," ते म्हणाले. "घाई न्हाय. सगळं होऊ दे."

कंडक्टरनं घंटी वाजवायला हात वर नेला होता, तो त्यानं खाली घेतला. ती उठली, बोट सोडून चड्डी वर ओढली आणि म्हणाली, "झालं, आबा." अण्णा लगेच हलले नाहीत. ढिगाऱ्याकडं तोंड करून ते तसेच उभे होते, हात मागंच होता, आणि ते बोट अजून कोणाच्या तरी मुठीत घट्ट असावं तसंच होतं.